नखांवरचं ऍक्रेलिक: पार्श्वभूमी

नखं लांब करून देण्याची आजची ऍक्रेलिक पद्धत दातांच्या दवाखान्यातून आली. 1954 साली फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचं काम करता करता नख तुटलं. दातांसाठीचं ऍक्रेलिक, म्हणजे एक कडक प्लास्टिक, हाताशी होतंच. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा आधार घेऊन त्याने त्याचंच नख घडवलं. पुढे साहित्य पार्लरमध्ये गेलं आणि त्याचे धोकेही बरोबर गेले.

पहिला फटका बसला मिथाइल मेथाक्रिलेटचा, म्हणजे एमएमएचा. ऍक्रेलिकचं नख घडवायचं हे द्रव स्वस्त आणि सुकल्यावर फार टणक. ऍसिटोनमध्ये ते सहजी सुटत नाही, म्हणून उचकटून काढतात. शिवाय ते नीट धरावं यासाठी खरं नख आधीच कानशीने घासून पातळ केलेलं असतं. असं बोट दारात सापडलं तर कृत्रिम नख शाबूत राहतं आणि खालचं खरं नख उखडतं. 1970च्या दशकात अशा इजांच्या आणि ऍलर्जीच्या तक्रारी अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेकडे, गेल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि 100 टक्के एमएमए असलेली उत्पादनं बाजारातून हटली. मात्र सौंदर्यप्रसाधनांत एमएमए वापरू नये असा स्वतंत्र नियम तिथे झालाच नाही, ही मला मोठी चूक वाटते. जाणते व्यावसायिक महागड्या इथाइल मेथाक्रिलेटकडे वळले. स्वस्त बाटल्यांतून एमएमए रेंगाळत राहिलं.

मग नखांवर लावायचं जेल आलं. अतिनील (यूव्ही) दिव्याखाली त्याचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कडक थर होतो. सुटा राहिलेला रेणू मात्र कातडीत शिरतो, आणि त्यात ‘हेमा’ हे मेथाक्रिलेट कुळातलं रसायन सगळ्यात कुप्रसिद्ध. चूक अगदी बारीक असते: ब्रश नखाच्या कडेला टेकतो, जेल कातडीवर ओघळतं आणि पुसायच्या आत हात दिव्याखाली जातो. थर जाड असला किंवा दिवा त्या जेलला जुळणारा नसला, तर वरून कडक, आतून कच्चं. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. एकदा ऍलर्जी जडली की बोटांची टोकं खाजतात, भेगाळतात, नख सुटतं. पापण्यांवरही पुरळ उठतं. ही ऍलर्जी सहसा जन्माची. दातात भरायचं सिमेंट आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतलं सिमेंट याच रसायनकुळातलं असल्याने पुढे तिथेही अडचण येऊ शकते, हे पार्लरमध्ये कुणी सांगत नाही आणि सांगायला हवं.

2018मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याबद्दल जाहीर इशारा दिला: तपासलेल्यांपैकी 2.4 टक्के लोकांना किमान एका मेथाक्रिलेटची ऍलर्जी होती. घरी वापरायच्या किटवर त्यांचा विशेष रोख होता. 2020च्या नियमाने युरोपीय संघाने हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांपुरती ठेवली आणि बाटलीवर ऍलर्जीचा इशारा सक्तीचा केला.

1 सप्टेंबर 2025पासून युरोपीय संघात टीपीओवर, म्हणजे दिव्याखाली जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या रसायनावर, बंदी आली. तिचं कारण मात्र वेगळं, प्रजननक्षमतेला असलेल्या धोक्याचं. म्हणून बाटलीवर ‘टीपीओ-फ्री’ लिहिलेलं दिसलं तरी त्यात हेमा आहे की नाही, हे घटकांची यादी वाचूनच कळतं.