खुर्चीतला ठोसा: दिव्यांग मुलांना कराटे-ज्युदो शिकवताना

ठोसा हाताने मारला जातो, पण त्याचा जोर पायातून येतो. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, ती फिरकी धडातून खांद्यापर्यंत चढते आणि हात ती शेवटी बाहेर टाकतो. आता हाच ठोसा व्हीलचेअरवर बसून मारायचा आहे. ब्रेक मोकळे असतील तर पॅडला मूठ लागताक्षणी खुर्ची मागे सरकते आणि जोर वाया जातो. दोन्ही ब्रेक लावले तर जोर टिकतो, पण हलकी खुर्ची मागे कलंडू शकते. म्हणून मागे उलटण्यापासून रोखणारी छोटी चाकं आणि मांडीवरून रुंद पट्टा हवाच. ज्या मुलाचे पोटाचे स्नायू काम करत नाहीत, त्याचं धडच ठोशाबरोबर पुढे पडतं. त्याने मोकळ्या हाताने चाकाची कडी धरली की धडाला आधार मिळतो. एकच ब्रेक लावून दुसरं चाक ढकललं तर खुर्ची जागच्या जागी वळते आणि कमरेचं काम चाक करतं.

क्रीडाशिक्षकांचं प्रशिक्षण इथून सुरू व्हावं. पहिल्या दिवशी अपंगत्वाच्या प्रकारांची यादी फळ्यावर लिहिण्याची पद्धत आहे. तिचा मॅटवर फारसा उपयोग होत नाही. एकाच निदानाची दोन मुलं अगदी वेगळी हालचाल करतात. शिक्षकाने प्रत्येक तंत्राला एक प्रश्न विचारायला शिकावं: हे कशासाठी आहे? समोरची लाथ प्रतिस्पर्ध्याला लांब ठेवण्यासाठी असेल, तर खुर्चीतला मुलगा तेच काम एका झटक्यात मागे सरकून आणि बाजूला वळून करतो. तंत्राचा आकार बदलला, हेतू तोच राहिला.

स्पर्धांचे नियमही असेच घडले आहेत. दृष्टिबाधितांचा ज्युदो १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्यात मुख्य बदल एवढाच की दोघांनी एकमेकांचा पोशाख पकडल्यावरच लढत सुरू होते आणि पकड सुटली की पंच थांबवतात. प्रतिस्पर्ध्याचं वजन कुठे झुकतंय हे ज्युदोपटूला तसंही हातांतूनच कळत असतं. पॅरा तायक्वांदो टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये आला. तिथे खेळाडूंच्या हातांत दोष असतो, डोकं वाचवायला हात पुरेसा वर येईलच असं नाही. म्हणून डोक्यावर लाथ मारायला बंदी आहे आणि गुण फक्त धडावरच्या लाथेला मिळतात.

पडायला शिकवणं हा सगळ्यात नाजूक भाग. क्रम असा ठेवावा: आधी पाठीवर झोपून हनुवटी छातीला लावणं आणि तळहाताने मॅटवर थाप मारणं, मग बसून मागे लोळणं, मग उकिडवं, शेवटी उभं. एखादं मूल उकिडव्यापर्यंतच पोचलं तर तिथेच थांबावं. घाई केली की हनुवटी सुटते आणि डोक्याची मागची बाजू आपटते. मॅट फार मऊ असेल तर खुर्चीची पुढची चाकं रुततात, काठीने किंवा कृत्रिम पायाने चालणाऱ्याचाही तोल जातो. चाकांसाठी घट्ट मॅट आणि पडण्याच्या सरावाला वेगळा जाड तुकडा, अशी विभागणी सोयीची.

मानेबाबत मात्र तडजोड नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या साधारण १० ते २० टक्के मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा एक्स-रेमध्ये सैल दिसतो. त्रास १ ते २ टक्क्यांनाच होतो, पण तो मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतो. डॉक्टरांचा सल्ला हाती येईपर्यंत कोलांटउड्या, गळा दाबण्याचे डाव आणि मानेवर भार देणारे व्यायाम बंद. मान दुखणं किंवा वाकडी होणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा जाणं यांपैकी काहीही दिसलं तर सराव तिथेच थांबवायचा. मेंदूतलं पाणी पोटात उतरवणारी नळी बसवलेल्या मुलांनाही गळ्याचे डाव वर्ज्य. ती नळी मानेतल्या कातडीखालून जाते.

मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या मुलांत आणखी एक धोका असतो. इजेखालच्या भागात काही टोचलं, आवळलं किंवा मूत्राशय तुंबलं की रक्तदाब अचानक भडकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर दरदरून घाम येतो. कराटेचा घट्ट बांधलेला पट्टासुद्धा पुरेसा ठरतो! अशा वेळी मुलाला आडवं करू नये, ताठ बसवावं. पट्टे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली आहे का पाहावं, आणि लगेच उतार पडला नाही तर थेट रुग्णालय गाठावं. या मुलांना इजेखाली नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापतं. पाण्याची फवारणी आणि सावलीतली विश्रांती ही सरावाचाच भाग समजावी.

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवरचा ताबा बिघडतो त्या अवस्थेत, ताठर स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो अधिक आवळतो. म्हणून मुलाचा हात ‘बरोबर जागी’ ओढून नेणारा शिक्षक नेमकं उलटं करत असतो. हालचाल सावकाश हवी आणि ताण धरून ठेवायला हवा. ठोशाबरोबर दिल्या जाणाऱ्या जोरदार आरोळीने काही मुलांचं सगळं अंग दचकून ताठरतं, स्वमग्न मुलांना ती असह्य होऊ शकते. आरोळी केव्हा येणार हे आधी सांगितलं तरी बराच फरक पडतो. कर्णबधिर मुलांसमोर खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा अंधारात जातो. प्रात्यक्षिक करताना बोलूही नये: आधी सांगा, मग दाखवा.

प्रशिक्षणात डोळ्यांवर पट्टी बांधून फिरायला लावण्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा खेळ केलेल्यांनी अंध व्यक्तींना कमी सक्षम ठरवलं. कारण उघड आहे: पहिल्या दहा मिनिटांचा गोंधळ अनुभवता येतो, वर्षांचं कौशल्य नाही. त्यापेक्षा निम्मा वेळ दिव्यांग खेळाडूंसोबत मॅटवर घालवावा, आणि त्यांना नमुना म्हणून न बोलावता शिकवण्याचं मानधन द्यावं.

पट्ट्याच्या परीक्षेची तयारी दोन-तीन महिने आधी व्हावी. प्रत्येक तंत्रासमोर त्याचा हेतू आणि मुलाने निवडलेला पर्याय लिहून ठेवावा. परीक्षकालाही तो कागद आधीच द्यावा. गुण अंतर, वेळ, तोल आणि नियंत्रण यांना. खुर्चीतल्या मुलाने मागे सरकायला उशीर केला तर त्याचेही गुण कापावेत.