केलॉइड

जखम भरल्यानंतर तिच्या जागी वणाच्या ऊतीची बेसुमार वाढ होऊन तयार होणारी टणक, गुळगुळीत गाठ. ती कर्करोगाची नसते आणि संसर्गजन्यही नसते. कान टोचणे, मुरुमाची पुटकुळी, लसीची सुई एवढे निमित्तही तिला पुरते.

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ झां-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये तिचे वर्णन करताना कर्करोगसदृश अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे घोटाळा टळावा म्हणून त्यांनीच ते बदलले. ‘केलॉइड’ हे नवे नाव खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून आले, असे बहुतेक मानतात. डाग या अर्थाच्या दुसऱ्या ग्रीक शब्दाकडेही काही जण बोट दाखवतात. गाठीच्या कडा आजूबाजूच्या निरोगी कातडीत नांगीसारख्या शिरतात, हे पाहता पहिले मत अधिक पटते. सुमारे इ. स. पू. १६०० च्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्ती वैद्यकीय लेखात तिचा उल्लेख असल्याचे सांगितले जाते. मात्र तेथील छातीवरच्या फुगवट्यांचे वर्णन इतर विकारांनाही लागू पडते. सुश्रुतसंहितेत ग्रंथीचे (गाठीचे) पाच प्रकार आहेत, त्यांत जखमेतून होणारी ग्रंथी नाही. वाग्भटाने (साधारण सहावे-सातवे शतक) अष्टांगहृदयात नऊ प्रकार सांगून ‘व्रणग्रंथी’ वेगळी काढली. न भरलेल्या किंवा नुकत्याच भरलेल्या जखमेवरची ही गाठ आग व खाज करणारी आहे. केलॉइडशी तिचे साम्य लक्षणीय असले, तरी दोन्ही एकच म्हणणे धाडसाचे ठरेल.

फुगीर वण आणि केलॉइड यांत गल्लत होते. फुगीर वण जखमेच्या हद्दीतच राहतो, काही आठवड्यांत दिसतो व पुष्कळदा काळाने बसतो. केलॉइड काही महिन्यांनी, क्वचित वर्षानंतर उगवते, हद्द ओलांडते आणि आपोआप जात नाही. टोचलेल्या पाळीमागे वाटाण्याएवढी लागलेली गाठ पुढे बोराएवढी होते. छातीचा मध्यभाग, खांदे आणि जबड्याची कड याही नेहमीच्या जागा. सावळ्या-काळ्या वर्णात आणि १० ते ३० वयात प्रमाण जास्त, घराण्यातही चालते.

गाठ नुसती कापून टाकल्यास ती बहुधा परतते, कित्येकदा आधीपेक्षा मोठी. म्हणून गाठीतच ट्रायॅम्सिनोलोन या स्टिरॉइड औषधाची इंजेक्शने (दर ४ ते ६ आठवड्यांनी), सिलिकॉनची पट्टी, शीतोपचार (गाठ गोठवणे) किंवा शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार अशी जोड देतात. जखम भरून काही महिने लोटल्यावरही गाठ वाढत असेल, दुखत किंवा खाजत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. रंग बदलणारी, चिघळणारी किंवा रक्त येणारी गाठ लवकर दाखवावी, कारण कर्करोगाच्या काही दुर्मीळ गाठीही सुरुवातीला साध्या वणासारखी दिसतात. अशा वेळी तुकडा काढून तपासतात.