इंद्रजालचा क्रमांक आणि अमर चित्र कथेचा क्रमांक

जुन्या कॉमिक्सची देवघेव चालते तिथे एक वाक्य हमखास भेटते: ‘अमर चित्र कथा, कृष्ण, क्रमांक 11, पहिली छपाई.’ सोबत मुखपृष्ठाचा एकच फोटो आणि डोळे पांढरे करणारी किंमत. आपल्या गोव्यात चवथीआधी घरे झाडायला काढली की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, पेट्यांतून कॉमिक्स निघतात आणि या वाक्याला नवा भर येतो. मुखपृष्ठावर 11 छापले आहे, म्हणजे प्रत अगदी सुरुवातीची, असे विकणाराही धरून चालतो आणि घेणाराही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो कुठून येतो हेही स्पष्ट आहे. इंद्रजाल कॉमिक्सची, म्हणजे क्रमांकावरून वय ओळखायची, सवय आपण अमर चित्र कथेला लावतो.

इंद्रजाल तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर फार थांबत नाही. बेनेट, कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी, मार्च 1964मध्ये ते सुरू केले आणि 1990मध्ये बंद केले. पहिले 32 अंक वेताळाचे, म्हणजे फँटमचे, मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, पुढे आबिद सुरतींचा बहादूर. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की ते नियतकालिक होते. अंक स्टॉलवर यायचा, खपायचा, उरलेला परत किंवा रद्दीत जायचा आणि त्याच्या जागी पुढचा लागायचा. म्हणून इंद्रजालच्या क्रमांकावरून प्रतीचे वय सरळ कळते. दोन खाचखळगे तेवढे लक्षात ठेवा. 123 आणि 124 हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा ते ‘दुर्मीळ’ म्हणून कोणी देऊ करत असेल तर तिथून निघा. आणि ऐंशीच्या दशकात सरळ चढता क्रमांक जाऊन ‘वर्ष 20, अंक 1’ अशी पद्धत आली, त्यामुळे लहान आकडा दिसला म्हणून अंक साठच्या दशकातला होत नाही.

अमर चित्र कथा मात्र पुस्तक होते. 1967मध्ये अनंत पैंनी इंडिया बुक हाउसकडून ही माला उभी केली, ती शाळा, वाचनालये आणि पुस्तकांची दुकाने डोळ्यांसमोर ठेवून. स्टॉलवरच्या एका आठवड्यासाठी ती नव्हती. पहिल्या दहा क्रमांकांत सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथा होत्या. कृष्ण आला अकराव्या क्रमांकावर, राम वाईरकरांच्या चित्रांसह. पुस्तक संपले की ते पुन्हा छापायचे, आणि छापताना क्रमांक तोच ठेवायचा. सत्तरच्या दशकात छापलेल्या कृष्णवर 11 आहे, ऐंशीच्या दशकातल्यावरही 11 आहे. तो आकडा पुस्तकाची मालेतली जागा सांगतो. हातातली प्रत कधी छापली याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

गल्लत का होते तेही समजण्यासारखे आहे. दोन्ही एकाच काळातली, घरात एकाच पेटीत ठेवलेली, आणि इंद्रजाल सुरू झाले तेव्हा पै स्वतः टाइम्समध्येच होते. त्यामुळे दोन्ही एकाच घरची असे मानणारे आजही भेटतात. नव्हती. पण या गैरसमजाने कोणाचे नुकसान होत नाही. क्रमांकाच्या गैरसमजाने खिसा रिकामा होतो.

मग अमर चित्र कथेच्या प्रतीचे वय काढायचे कसे? मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि पुस्तक उलटे करा. मलपृष्ठावर किंवा त्याच्या आतल्या बाजूला मालेतल्या पुस्तकांची यादी असते. तिच्यातला सर्वांत मोठा क्रमांक शोधा. कृष्णच्या यादीत दीडशेव्या पुस्तकाचे नाव असेल, तर ती प्रत दीडशेवे पुस्तक ठरण्याआधी छापलेली असूच शकत नाही. इतके साधे आणि इतके पक्के साधन हातात असताना विक्रीच्या फोटोंत मलपृष्ठ कधीच का नसते, याची मला मनापासून चीड येते. यादी पडताळताना ती त्याच भाषेतल्या यादीशी पडताळा. मराठी प्रत इंग्रजी यादीवर लावून बघू नका.

त्यानंतर जाहिराती. टिंकल हे मुलांचे कॉमिक नियतकालिक 1980मध्ये निघाले. आत टिंकलची जाहिरात आहे आणि विकणारा सत्तरचे साल सांगतो आहे, तर पुढे बोलायचे कारण उरत नाही. मग प्रकाशकाचा पत्ता. सहा आकडी पिन कोड आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972ला आला. पत्त्यात ‘400’ने सुरू होणारा पिन असेल तर प्रत त्यानंतरची. इंग्रजी प्रतीवर ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर ती 1995मधल्या नामांतराच्या पुढची. मराठी प्रतीला ही कसोटी लागत नाही, कारण मराठीत शहर आधीपासून मुंबईच होते. क्रमांक पाचशेच्या पुढचा असेल, उदाहरणार्थ कृष्णवर 501, तर ती चांगल्या कागदावरची नंतरची मालिका. एसीके मीडिया हे मालेच्या नंतरच्या प्रकाशकाचे नाव दिसले तर 2007 किंवा त्यापुढचे.

हे सगळे पुरावे ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगतात. ‘याच्या नंतरची नाही’ हे सांगणारे पुरावे प्रत वापरणाऱ्यांनी सोडलेले असतात, आणि तेच लोक पुसून टाकतात. पहिल्या पानावर शाईने लिहिलेले नाव आणि तारीख, बक्षीस म्हणून दिल्याची नोंद, वाचनालयाचा शिक्का. आपल्याकडे यात एक खास सोय आहे. ‘गोवा, दमण आणि दीव’ असा सरकारी किंवा शाळेचा शिक्का असेल, तर प्रत बहुधा 30 मे 1987च्या, म्हणजे गोवा घटकराज्य होण्याच्या आधीची. काही ठिकाणी जुने शिक्के आणखी थोडे दिवस वापरले गेले असतील, तेवढी सूट धरा. टिंकलची जाहिरात आणि असा शिक्का एकाच प्रतीत मिळाले, तर तिचे वय सातेक वर्षांच्या पट्ट्यात बसते. असे नाव किंवा शिक्का खोडरबराने घासून, ब्लेडने कापून प्रत ‘स्वच्छ’ करणाऱ्यांना मी विनंती करतो: थांबा. तुम्ही डाग काढत नाही, दाखला काढता.

किमतीवर विसंबू नका. जुन्या साठ्यावर नव्या दराचा शिक्का मारणे दुकानदारांच्या नेहमीच्या व्यवहारातले होते, त्यामुळे शिक्क्याखालची छापील किंमत उजेडात धरून वाचावी लागते. कागद पिवळा म्हणजे प्रत जुनी, हेही इथे चालत नाही. स्वस्त कागद मुळात आम्लयुक्त, त्यावर आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. नव्वदच्या दशकातली प्रत खिडकीजवळच्या फडताळात राहिली तर ती कोरड्या पेटीतल्या सत्तरच्या प्रतीपेक्षा म्हातारी दिसते. आकार, रंगांची झाक, पिना गंजलेल्या की नाहीत, यांवरून वय सांगणाऱ्यांचे ऐकून सोडून द्या.

पुनर्मुद्रण कमी दर्जाचे, असे मी म्हणत नाही. वाचायला मला ऐंशीच्या दशकातल्या मराठी प्रती आवडतात, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त, आणि संग्रहात त्या मानाने ठेवाव्यात. फक्त त्यांवर ‘पहिली छपाई’ लिहू नये आणि तसे पैसे घेऊ नयेत.

बाइंड केलेल्या खंडांचा प्रश्न वेगळा आहे. कसर आणि वाळवीपासून वाचावीत म्हणून घरोघरी दहा-दहा पुस्तके एकत्र शिवली गेली, आणि शिवताना पुष्कळदा मलपृष्ठेच फाडली गेली. अशा खंडात आतल्या पानांवरच्या जाहिराती आणि पहिल्या पानावरचा प्रकाशकाचा पत्ता बघा. तोही कापला गेला असेल तर वर्णनात ‘छपाई अनिश्चित’ असे लिहा आणि किंमत त्या मानाने लावा.