दाता गाडी आणि तिचे वायरिंग (किट कार)

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जुळवलेली गाडी. ती बांधताना ज्या जुन्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंग आणि विजेचे जाळे काढून घेतात, तिला दाता गाडी किंवा नुसते ‘डोनर’ म्हणतात. सांगाडा आणि वरचे कवच किट बनवणाऱ्याकडून नवे येते, बाकी बहुतेक सगळे जुन्या गाडीचे. हा छंद रुजला तो ब्रिटनमध्ये. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार सुट्या भागांच्या रूपातही विकली जाई, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या संचाला लागत नसे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. कर वाचण्याचे कारण संपले तरी घरच्या गॅरेजात गाडी उभी करण्याचा नाद सुटला नाही.

सेव्हनच्या घाटाच्या गाडीला पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना गती अशी रचना लागते. म्हणून आधी फोर्ड एस्कॉर्टची दुसरी आवृत्ती दाता म्हणून चाले. रॅलीवाल्यांनी तिचे भाव चढवल्यावर फोर्ड सिएरा आली, आणि आता बहुतेकांची नजर माझ्दा एमएक्स-५ वर असते. १९८९ ते १९९७ या काळातल्या पहिल्या एमएक्स-५ चे दाराखालचे पत्रे गंजून जातात. इंजिन मात्र ठणठणीत असते. तपासणीत नापास झालेली अशी गाडी किट बांधणाऱ्याला आयतीच सापडते. तिचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने जोडलेले असल्यामुळे इंजिनपासून मागच्या आसापर्यंतचा सगळा ऐवज एका दमात खाली उतरवता येतो.

पाना हातात घेण्याआधी गाडी चालू करून सगळे दिवे, व्हायपर, हॉर्न, काटे तपासून घेतात. खोलून झाल्यावर एखादे काम होईनासे झाले, तर दोष आधीचा की आपण घातलेला हे मग कळायला मार्ग नसतो. एसी असेल तर त्यातला वायू परवानाधारकाकडून काढून घ्यावा लागतो. तो हवेत सोडणे बेकायदा आहे. एअरबॅग असेल तर बॅटरी सोडवून काही वेळ थांबतात, मगच स्टिअरिंगला हात लावतात. नव्वदीच्या मध्यानंतरच्या फोर्डमध्ये चावीत चिप असते. तिथे चावी, कुलपाभोवतीची कडी आणि इंजिनचा संगणक हे त्रिकूट एकत्रच जपायचे, नाहीतर इंजिन हूं की चूं करत नाही.

यांत्रिक भाग खोलणे हे अंगमेहनतीचे काम; डोके लागते ते वायरिंगला. नवशिक्या घाईघाईने कात्री चालवतो आणि पुढे महिनोन्‌महिने निस्तरत बसतो. रीत अशी : प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी त्याला चिठ्ठी बांधायची, फोटो काढायचा आणि अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, फ्यूज बॉक्ससकट, एकही वायर न कापता बाहेर काढायचा. मग तो जमिनीवर किंवा प्लायवूडवर गाडीत होता तसा पसरून, इंजिन, बॅटरी आणि संगणक जोडून इंजिन सुरू करून पाहायचे. हे जमले की वरची टेप सोलायची आणि पॉवर विंडो, सेंट्रल लॉकिंग, रेडिओ, मागच्या काचेचा हीटर यांच्या वायरी एकेक करून काढायच्या. एमएक्स-५ मध्ये हेडलाइट वर-खाली करणाऱ्या मोटरींचे वायरिंगही जाते. वायर मध्येच कापण्यापेक्षा कनेक्टरमधून पिन मागे ओढून सोडवावी. जाडजूड जुडग्याच्या पोटात कारखान्यातच क्रिम्प केलेले सांधे असतात. एकाच ठिकाणाहून चार वायरी निघतात आणि त्यांतली एक आपल्या कामाची असते.

बिनकामाच्या वाटणाऱ्या वस्तू काढताना सर्वांत जास्त फसगत होते. जुन्या अल्टरनेटरपैकी अनेकांना सुरुवातीचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातूनच मिळतो. दिवा फेकला की बॅटरी चार्ज होणे बंद. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा पुरवठा धोक्याच्या दिव्यांच्या स्विचमधून जातो, तो स्विच काढला की वळणाचे दिवेही मुके. पहिल्या एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांत पेट्रोल पंप चालू ठेवणारा स्विच हवा मोजणाऱ्या मीटरच्या आत आहे, तो मीटर काढून टाकला की पंप थांबतो. पंप नुसता तपासायचा असेल तर बॉनेटखालच्या निदानपेटीतले एफ-पी आणि ग्राउंड हे दोन टोक वायरने जोडतात.

रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नये. युरोपातल्या फोर्डमध्ये, जर्मन पद्धतीप्रमाणे, तपकिरी वायर म्हणजे ‘अर्थ’, वीज बॅटरीकडे परत नेणारी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तीच तपकिरी थेट बॅटरीतून येते आणि अर्थ काळी असते. सिएराच्या हार्नेसला जुन्या ब्रिटिश गाडीचा स्विच लावणाऱ्याने हे विसरले तर धूर निघालाच समजा. जर्मन वायरिंगच्या नकाशांवरचे आकडे मात्र भरवशाचे : ३० म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ५६ए अपर आणि ५६बी डिपर.

अर्थ हाच या कामातला मूळ दुखण्याचा भाग, आणि तिथे काटकसर करू नये असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात ते योग्यच आहे. मूळ गाडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता असतो. किट कारचे कवच बहुधा फायबरचे. त्यातून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र वायर द्यावी लागते. सांगाड्याला जिथे अर्थ जोडायचा तिथला रंग खरवडून काढावा लागतो. इंजिन रबरी आधारांवर बसत असल्यामुळे त्याच्यापासून सांगाड्यापर्यंत जाड पट्टी लागते. ती राहून गेली तर स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापून जळते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लुकलुकू लागला तर बल्ब बदलत बसू नये, अर्थ बघावा.

सेव्हनसारखी गाडी मूळ गाडीपेक्षा छोटी असल्यामुळे हार्नेस आखूड करावा लागतो. सगळ्या वायरी एकाच जागी कापल्या तर सांध्यांची गाठ फुगते, म्हणून त्या पायऱ्यापायऱ्यांनी कापतात. इंजिनच्या सेन्सरच्या जाळी गुंडाळलेल्या वायरी शक्यतो कापतच नाहीत; उरलेली लांबी वळसा घालून डॅशबोर्डमागे बांधतात.

ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सक्तीची झाली. २००९ मध्ये तिची जागा आजच्या आयव्हीए चाचणीने घेतली. दाता गाडीची नोंदणीची कागदपत्रे म्हणूनच जपून ठेवतात : गाडीची ओळख आणि वय सिद्ध करता आले नाही तर ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर गळ्यात पडतो, आणि तो कुणालाच नको असतो.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्यामुळे मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात खोललेल्या गाड्यांचा माल मिळाला, तरी तो जातो दुरुस्तीलाच.