ओव्हलवर आलेले पोप: पॉल सहावे आणि १९६४ ची मुंबई

मे २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा उत्तराधिकारी निवडायला कार्डिनल सिस्टिन चॅपलमध्ये गेले, तेव्हा गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव आत होते आणि मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस बाहेर. ग्रेशस यांना २४ डिसेंबर २०२४ रोजी ऐंशी वर्षे पूर्ण झाली आणि फ्रान्सिस गेले २१ एप्रिलला. चार महिन्यांनी मत हुकले. ऐंशी गाठलेल्या कार्डिनलला मत नाही, हा नियम १९७० साली पोप पॉल सहावे यांनी केला.

फ्रान्सिस गेल्यावर ज्या गोष्टींचे कौतुक झाले, म्हणजे साधी लाकडी शवपेटी, थाटमाटाचा कंटाळा, दूरदूरचे दौरे, गरिबांबद्दलची कळकळ, त्यांतल्या बऱ्याचशा पॉल सहावे यांच्या काळात सुरू झालेल्या आहेत. त्यांतली एक वाट तर थेट मुंबईवरून जाते.

जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी हे त्यांचे मूळ नाव. जन्म २६ सप्टेंबर १८९७, उत्तर इटलीत ब्रेशाजवळ. उमेदीची बरीचशी वर्षे व्हॅटिकनच्या सचिवालयात गेली, मग ते मिलानचे आर्चबिशप झाले. २१ जून १९६३ ला त्यांची पोप म्हणून निवड झाली तेव्हा दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे चर्चमधल्या सुधारणांसाठी भरलेली जगभरच्या बिशपांची सभा, अर्ध्यावर होती. ती भरवणारे जॉन तेविसावे लोकांचे लाडके होते आणि नुकतेच वारले होते. त्यांनी काढलेले कार्य तडीस न्यायचे काम या संकोची, अभ्यासू माणसाच्या अंगावर आले. अशा माणसाला टाळ्या कमीच मिळतात.

१३ नोव्हेंबर १९६४ रोजी सेंट पीटर्समध्ये त्यांनी मिलानकरांनी दिलेला आपला तीन पदरी मुकुट वेदीवर नेऊन ठेवला. तो गरिबांसाठी होता. त्यांच्यानंतर एकाही पोपचा राज्याभिषेक झाला नाही. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला, ते सांताक्रूझ विमानतळावर उतरले.

निमित्त होते अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसचे, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या जागतिक सोहळ्याचे. यजमान कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, भारताचे पहिले कार्डिनल. त्याआधी दीडेकशे वर्षे एकाही पोपने इटलीबाहेर पाऊल टाकले नव्हते. ती रीत पॉल यांनीच त्या जानेवारीत जेरुसलेमला जाऊन मोडली होती. भारतात मात्र पोप येण्याची ही पहिलीच वेळ. विमानतळापासून रस्त्याच्या दुतर्फा माणसांची झुंबड उडाली, आणि त्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. सोहळा ओव्हल मैदानावर.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. धर्मांतराच्या शंकेने काही हिंदू संघटनांचा विरोध होता. विश्व हिंदू परिषदेची स्थापनाही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पवईला झाली होती. तिकडे पोर्तुगालात हुकूमशहा सालाझारचे सरकार संतापले. गोवा हातचा जाऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि पोप त्याच भारताचा पाहुणचार घेणार! पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या दौऱ्याला विनाकारण केलेला अपमान म्हटले. पॉल तरीही आले.

३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मामृतं गमय. ख्रिस्ताच्या कितीतरी शतके आधीची ही ओळ देवाची ओढ किती नेमकी सांगते, असा त्यांचा सूर होता. त्यावेळी व्हॅटिकन परिषदेत अन्य धर्मांविषयीच्या जाहीरनाम्याचा मसुदा अजून चर्चेतच होता. तो संमत झाला २८ ऑक्टोबर १९६५ ला. मला वाटते, त्या कागदापेक्षा मुंबईतली ती ओळ आपल्याकडच्यांना लवकर कळली.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्यांनी मागणी केली की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. १९६७ च्या त्यांच्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेस्सियो’ या परिपत्रकात मुंबईतल्या या आवाहनाचा नावानिशी उल्लेख आहे. निधी काही उभा राहिला नाही.

उभे राहिले ते एका मोटारीतून. दौऱ्यासाठी अमेरिकेतून आलेली पांढरी, उघडी लिंकन गाडी जाताना पोपनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी तिकिटे काढून तिची सोडत केली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे वळवला. अलिशान गाडीचा याहून चोख उपयोग मी तरी ऐकलेला नाही.

वसईच्या चर्चमध्ये आज मिस्सा, म्हणजे वेदीवरची ख्रिस्ती उपासना, मराठीत होते, तीही त्या व्हॅटिकन परिषदेमुळे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झाले होते, पण वेदीवरची भाषा पुढची साडेतीनशे वर्षे लॅटिनच राहिली. फादर लोकांकडे पाठ करून पुटपुटत, आणि बाकांवरच्या आज्या जपमाळ ओढत. ४ डिसेंबर १९६३ रोजी पॉल यांनी उपासनेविषयीच्या ठरावावर सही केली आणि लोकभाषेला वेदीवर वाट मिळाली.

त्यांचे नाव निघाले की जुलै १९६८ चे ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रकही निघतेच. नेमलेल्या आयोगातल्या बहुसंख्यांचे मत बाजूला सारून त्यांनी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना नकार दिला. आपल्याकडे तेव्हा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर चढत होता. चर्चच्या आतूनच इतका गदारोळ झाला की पुढच्या दहा वर्षांत त्यांनी असे एकही विश्वपरिपत्रक काढले नाही. तो निर्णय चुकला असे मानणारे कॅथलिक आजही पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातलाच.

६ ऑगस्ट १९७८ रोजी कास्तेल गांदोल्फो इथे ते वारले. मृत्युपत्रात लिहून ठेवले होते: खऱ्या मातीत पुरा, स्मारक नको. अंत्यविधीला सेंट पीटर्सच्या चौकात साधी लाकडी पेटी जमिनीवर ठेवली होती, वर फक्त शुभवर्तमानाचा उघडा ग्रंथ. २०१८ मध्ये फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. तीन पदरी मुकुट वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये काचेआड ठेवला आहे.