ग्लॉटोक्रोनॉलॉजी वेगळी, बेझियन वंशवृक्ष वेगळा

भाषांच्या वयाबद्दल नवा अभ्यास आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "हे गणित तर १९६२ सालीच निकालात निघालंय." निकालात निघाली ती ग्लॉटोक्रोनॉलॉजी, म्हणजे शब्द ठरावीक वेगानेच बदलतात असं धरून भाषांचं वय काढायची पद्धत. बेझियन वंशवृक्षाला, म्हणजे संभाव्यतेच्या गणिताने भाषांचं झाड आणि वय शोधण्याच्या पद्धतीला, तिच्याच माळेचा मणी समजणं आता थांबायला हवं.

ग्लॉटोक्रोनॉलॉजी बहुतेकांना माहीत असते: भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेश यांची मूलभूत शब्दांची यादी, दोन भाषांतल्या समान मुळाच्या शब्दांची टक्केवारी आणि त्यावरून काढलेला फाटाफुटीचा काळ. बेझियन पद्धतीतही बहुधा अशीच यादी वापरतात, म्हणून लोक फसतात. उसन्या शब्दांची डोकेदुखीही दोन्हीकडे आहे; ते आधीच चाळून काढावे लागतात. यादीपाशी अडकू नका. फरक आहे तो बदलाच्या वेगात.

स्वादेश यांनी शंभर शब्दांच्या यादीसाठी धरलं की दर हजार वर्षांत ८६ टक्के शब्द टिकतात, आणि तेही प्रत्येक भाषेत. दोन भाषांत ७४ शब्द समान निघाले तर त्या सुमारे १,००० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असं उत्तर येतं. आता ८६ऐवजी ९५ टक्के धरून पाहा. तेच ७४ शब्द, पण उत्तर जवळपास २,९०० वर्षं! १९६२मध्ये बर्गस्लँड आणि फोग्ट या भाषाशास्त्रज्ञांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आइसलँडिक आणि नॉर्वेजियन एकाच मुळाच्या. पण आइसलँडिकने जुने शब्द घट्ट धरून ठेवले, नॉर्वेजियनचे कितीतरी जास्त बदलले.

बेझियन पद्धतीत हा वेग आधी ठरवून टाकत नाहीत, तो शब्दांच्या माहितीतूनच शोधतात. झाडाच्या प्रत्येक फांदीचा वेग निराळा असू शकतो. त्याला लगाम म्हणून इतिहासातल्या ठाऊक तारखा दिल्या जातात, उदाहरणार्थ लॅटिनमधून रोमान्स भाषा (फ्रेंच, स्पॅनिश वगैरे) फुटल्याचा काळ. हाती येतात हजारो संभाव्य झाडं, आणि वयाचा एक पट्टा. तो पट्टा गाळून 'भाषाकुल अमुक वर्षांचं' असा एकच आकडा छापणाऱ्या बातम्या मला सहन होत नाहीत.

बेझियन उत्तरांवरही भांडण आहेच. इंडो-युरोपीय कुलासाठी (मराठी, इंग्रजी यातल्याच) २००३मध्ये ग्रे आणि ॲटकिन्सन या संशोधकांना ७,८०० ते ९,८०० वर्षं मिळाली. २०१५मध्ये चँग आणि सहकाऱ्यांनी लॅटिनसारख्या प्राचीन भाषांना आजच्या भाषांच्या थेट पूर्वज म्हणून झाडात पक्कं केलं, तेव्हा वय ६,५००च्या आसपास आलं. टीका करायची तर या गृहीतकावर करा. त्यासाठी १९६२चा दाखला उपयोगाचा नाही.