डोलकाठी उतरवून फ्रान्सचे कालवे पार करायचे आहेत? पात्रता, कागदपत्रे आणि टोल पासची प्रक्रिया

इंग्लिश खाडीतून भूमध्य समुद्रात जायला शिडाच्या नौकेपुढे दोन वाटा असतात. एक जिब्राल्टरचा वळसा, दुसरी फ्रान्सच्या पोटातून, नद्या आणि कालव्यांची. या दुसऱ्या वाटेवर जागोजागी ठेंगणे, पक्के बांधलेले पूल आहेत. ते कोणासाठी उघडत नाहीत, आणि उघडा म्हणून अर्ज करायची सोयही नाही. डोलकाठी उतरवायची, आडवी बांधायची आणि खालून जायचं. तरीही बरेच जण आधी टोल भरतात आणि मग उंची मोजायला टेप शोधतात. क्रम उलटा हवा.

आधी नौकेची पात्रता

१८७९ च्या फ्रेसिने कायद्याने ठरवलेली मापं आजही अनेक कालव्यांवर चालतात. लॉक (नौकेला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारं, दोन दारांमधलं कुंड) सुमारे ३८.५ मीटर लांब आणि पाच मीटरहून थोडं रुंद, पुलाखाली मोकळी उंची साधारण ३.५ मीटर. बुर्गोन्य कालव्यावर पुईच्या बोगद्यामुळे हीच मर्यादा ३.१ मीटरवर येते (शिवाय तिथे १८९ लॉक आहेत, म्हणजे घाई असलेल्याने तिकडे फिरकूच नये). दक्षिणेकडच्या कानाल द्यु मिदी या कालव्यावर कापेस्तांचा कमानीचा पूल अडचणीचा म्हणून प्रसिद्ध आहे. कमानीखाली मधली उंची पुरते, पण नौकेचे खांदे कडेला अडकतात. म्हणून एकच आकडा मोजून भागत नाही. सोलर पॅनेलची चौकट किंवा केबिनचं छत जिथे रुंद आहे, तिथलीही उंची घ्या.

मोजायचं ते डोलकाठी आडवी बांधून झाल्यावर. सर्वांत उंच टोकापासून पाण्यापर्यंत टेप सोडा, आणि डिझेल-पाण्याच्या टाक्या रिकाम्या असताना सोडा, कारण हलकी नौका वर तरंगते. भरल्या टाक्यांनी घेतलेलं माप प्रवासाच्या शेवटी खोटं पडतं. वर किमान वीसेक सेंटिमीटर मोकळे ठेवावेत, असं माझं मत. समोरच्या टोकाला त्याच उंचीची बारीक काठी उभी बांधली तर पुलाला आधी ती टेकते आणि मागे घ्यायला वेळ मिळतो. नदीला पाणी चढलं की पुलाखालची उंची तेवढीच घटते, हेही हिशेबात धरा. आणि नौकेचा तळ १.८ मीटरहून खोल जात असेल, तर पुलाचा प्रश्न येण्याआधीच वाट बंद होऊ शकते.

चालवणाऱ्याची पात्रता

डोलकाठी उतरवलेली नौका इंजिनवरच चालते, त्यामुळे तिला मोटर बोटीचे नियम लागतात. फ्रान्समध्ये ४.५ किलोवॅटच्या वरच्या इंजिनाला परवाना लागतो. परदेशी माणसासाठी सोयीचा कागद म्हणजे आयसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ठराव ४० नुसार मिळणारं प्रमाणपत्र. त्यावर अंतर्गत जलमार्गाची नोंद हवी. नुसती किनाऱ्याची नोंद इथे कामाची नाही. ती नोंद मिळवायला सेव्हनी नियमांची, म्हणजे युरोपातल्या नद्या-कालव्यांवरच्या वाहतूक नियमांची परीक्षा द्यावी लागते.

परीक्षा किरकोळ वाटते, पण पुलाखालून नेणारी हीच. लाल चौकटीत वरून खाली टोक केलेला काळा त्रिकोण म्हणजे उंची मर्यादित. कमानीवर एक पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला तर तिथून जावं, पण समोरूनही नौका येऊ शकते. असे दोन दिसले तर वाहतूक एकाच दिशेने. लाल-पांढरा-लाल फलक असेल त्या कमानीत शिरायचंच नाही.

टोल पास

देशातला सुमारे ६,७०० किलोमीटरचा जलमार्ग व्हीएनएफ ही सरकारी संस्था सांभाळते. ५ मीटरहून लांब किंवा ९.९ अश्वशक्ती आणि त्यावरचं इंजिन असलेल्या खासगी नौकेला तिचा ‘विन्येत’ पास लागतो. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर होतो. नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक, मापं आणि इंजिनाची माहिती भरायची; वर्षाचा किंवा ठरावीक दिवसांचा पास निवडायचा आणि पैसे भरायचे. छापील पास बाहेरून दिसेल असा, पुढच्या बाजूला उजवीकडे लावतात. सोम कालव्यासारखे काही मार्ग व्हीएनएफकडे नाहीत.

पैसे भरण्याआधी त्याच संस्थेची दुरुस्तीसाठी बंद मार्गांची यादी नक्की बघा. एखादा लॉक आठवडेच्या आठवडे बंद असू शकतो आणि पास असला तरी तुम्ही तिथेच.

फाइलमध्ये काय हवं

नौकेचं नोंदणीपत्र, मालकीचा कागद, आयसीसी, सेव्हनी नियमांची प्रत, विमा, व्हीएचएफ रेडिओचा परवाना आणि रेडिओ चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, सगळ्यांचे पासपोर्ट. सगळं मूळ प्रतीत. विम्यात अंतर्गत जलमार्ग आणि आडवी बांधलेली डोलकाठी दोन्ही धरलंय का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. डोलकाठी पुढे-मागे नौकेबाहेर डोकावते आणि लॉकच्या भिंतीला पहिली तीच घासते.

युरोपियन संघातल्या नौकेसोबत व्हॅट भरल्याचा पुरावा ठेवावा. संघाबाहेर नोंदलेली नौका, मालकही बाहेरचा रहिवासी, तर तात्पुरत्या प्रवेशाची १८ महिन्यांची सवलत असते. मात्र ती नौकेला. भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन देशांत राहायचे दिवस १८० पैकी ९० च, आणि कालव्यातला संथ प्रवास ते भराभर खातो.

रेडिओला एटिस लागतं. हे उपकरण प्रत्येक बोलण्यानंतर नौकेची ओळख आपोआप पाठवतं. क्रमांक म्हणजे नौकेच्या एमएमएसआयच्या (रेडिओवरच्या ओळख क्रमांकाच्या) आधी ९. रोन नदीच्या मोठ्या लॉकमध्ये रेडिओशिवाय काम अडतं, आणि तिथे लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. रोनच्या मुखाजवळच्या पोर-सँ-लुई बंदरात डोलकाठी पुन्हा उभी केली की समुद्रात शिरण्याआधी एटिस बंद करा. तिथे ते चालू ठेवायला मनाई आहे.